शूट, जाहिरात आणि कॉपीराइट: ज्युनिअर्स दरवर्षी विचारतात ते प्रश्न

मी नागपुरात मास कम्युनिकेशन शिकते, शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलचे विषय मिळाले की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. "ताई, गाणं टाकलं तर चालते का?" "ताई, मेट्रोत शूट करू देतात का?" दोन वर्षं एकेकाला व्हॉइस नोट पाठवून झाल्या, आता एकदाच लिहून ठेवते. यातलं बरंचसं चुका करून शिकले, थोडं कायद्याची कलमं वाचून. मी वकील नाही. मोठ्या पैशाचा व्यवहार असेल तर वकिलाकडे जा. पाच-दहा हजारांची जाहिरात आणि दहा मार्कांची असाइनमेंट एवढ्यावर निभावेल.

असाइनमेंटच्या फिल्ममध्ये सिनेमाचं गाणं टाकलं तर चालते का?

वर्गात दाखवेपर्यंत चालतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे. शिकता-शिकवताना विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने केलेली नक्कल त्यात बसते. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी सादर केलेलं गाणं किंवा दाखवलेली फिल्मही बसते, पण समोर बसलेली माणसं कोण, हेही कायदा बघतो: कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेले लोक, एवढेच.

गडबड होते ती वर्गाबाहेर. पहिल्या वर्षी मी फुटाळा तलावावर चार मिनिटांची फिल्म केली. संध्याकाळ, भुट्टे भाजणारी मावशी, तिच्या शेगडीतून उडणाऱ्या ठिणग्या. शेवटी एक जुनं हिंदी गाणं लावलं, आणि खरं सांगायचं तर मार्क त्या गाण्यानेच मिळवून दिले. त्याच रात्री फिल्म यूट्यूबवर चढवली. पहिला माणूस बघायच्या आत क्लेम, म्हणजे गाण्याच्या मालकाचा कॉपीराइटचा दावा, येऊन पडला. गाणं काढून टाकलं तर फिल्म एकदम मुकी. भुट्ट्याची तडतड नाही, तळ्याकडच्या वाऱ्याचा आवाज नाही, मावशीचं "लिंबू जास्त लावू का?" नाही. गाणं येणारच आहे म्हणून मी आवाज धड रेकॉर्डच केला नव्हता. त्या दिवशी कळलं की कॉपीराइट ही एडिटनंतर बघायची गोष्ट नाही. गाणं मिळणार की नाही हे ठरल्याशिवाय शूटला माइक न्यायचा की नाही हेसुद्धा ठरत नाही.

शिवाय एका गाण्याचे मालक अनेक असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि तयार रेकॉर्डिंग बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचं. "मग आम्ही स्वतः गाऊन टाकतो" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. त्याने फक्त रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चाल जिथल्या तिथेच असतात.

दहा सेकंदांपेक्षा कमी घेतलं तर?

हा दहा सेकंदांचा नियम कोणत्या कलमात आहे ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही, कारण तो नाहीच. आपल्या कायद्याने सेकंद मोजलेले नाहीत. टीका, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी, स्वतःचा अभ्यास यासाठी केलेला वाजवी वापर चालतो. एखाद्या सिनेमातल्या प्रकाशयोजनेवर बोलताना तो शॉट दाखवणं म्हणजे समीक्षा. आपल्या ढिल्या शॉटला उठाव यावा म्हणून त्यांचं पार्श्वसंगीत लावणं म्हणजे उसनवारी.

खाली क्रेडिट दिलं तर?

शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर "गाडी शेजाऱ्याची" अशी चिठ्ठी लावली, तर शेजारी खूश होईल का?

क्लेम आणि स्ट्राइक यात फरक काय? मी घाबरू का?

क्लेमला घाबरायचं कारण नाही. यूट्यूबची यंत्रणा आवाज ओळखते, मग मालक ठरवतो: व्हिडिओ राहू द्यायचा आणि जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, की तो बंद करायचा. क्लेम चुकीचा वाटला तर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. स्ट्राइक मात्र मालकाने रीतसर मागणी करून व्हिडिओ उतरवला की लागतो. ९० दिवसांच्या मुदतीत तीन लागले तर चॅनेलच जाऊ शकतं. आमच्या एका बॅचमेटचं कॉलेज फेस्टचं चॅनेल दोन स्ट्राइकवर होतं तेव्हा तीन महिने त्यावर कोणी काही टाकायला धजावत नव्हतं.

मग संगीत आणायचं तरी कुठून?

सोपा रस्ता यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी. तिथले तुकडे फुकट आहेत, काहींना फक्त क्रेडिट द्यावं लागतं. दुसरा रस्ता क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे कर्त्याने आधीच काही अटींवर वापरायला मोकळं केलेलं संगीत, पण तिथली अक्षरं नीट वाचा. "एनसी" असेल तर दुकानाच्या जाहिरातीत वापरता येत नाही. "एनडी" असेल तर बदल करता येत नाही, आणि संगीत चित्रावर बसवणं हासुद्धा बदलच धरला जातो. हे कळायला मला एक अख्खं एडिट पुन्हा करावं लागलं.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे जुन्याचा. साहित्याचा आणि संगीताचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं, तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवली. आता हे गणित आपल्या भागाला लावून बघा. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये आपल्या सावनेरला वारले, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालं. डॉ. आंबेडकरांनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं आहे. मरणोत्तर छापलेल्या लेखनाची मुदत मात्र छापल्याच्या वर्षावरून मोजतात.

आणि तुकडोजी महाराज? विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, सकाळी रस्त्यातून जाताना त्यांची भजनं कानावर पडतात, म्हणून मुलांना ती सार्वजनिकच वाटतात. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. मुदत २०२८ संपेपर्यंत चालते. तोवर भजन वापरायचं तर हक्क कोणाकडे आहे ते शोधून विचारायचं. संत तुकारामांच्या अभंगाला असं काही नाही, पण तिथेही सापळा आहे. शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची, रेकॉर्डिंग कंपनीचं. अभंग घ्या, चाल स्वतः लावा, वर्गातल्या गळ्याकडून गाऊन घ्या. आमच्या बॅचमध्ये पखवाज वाजवणारा एक पोरगा निघाला, तीन वर्षं त्याच्यावर निभावलं. त्याच्याकडूनही एका कागदावर लिहून घेतलं होतं. तेव्हा तो हसला होता. पुढे त्याचा तुकडा कोणीतरी न विचारता वापरला तेव्हा तोच कागद शोधत माझ्याकडे आला.

संवादाच्या मागे भणभण येते. ती कशी काढायची?

काढायची नाही, येऊच द्यायची नाही. आणि ती भणभण कशाची हे मला न ऐकता माहीत आहे: कूलरची.

आपल्याकडे प्रॅक्टिकलची घाई नेमकी एप्रिलमध्ये असते. बाहेर ४४-४५ अंश, आत डेझर्ट कूलर धडधडतोय, आणि शूट करताना तो कोणाला ऐकू येत नाही कारण मार्चपासून आपले कान त्याला सरावलेले असतात. माइकचे कान सरावत नाहीत. एडिटमध्ये नॉइज रिडक्शन ओढलं की माणूस टिनच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. आमची पद्धत अशी: टेकच्या आधी अर्धा तास कूलर फुल, खिडक्यांना चादरी, मग "कूलर बंद!" अशी हाक, त्यानंतर दहा आकडे मोजायचे. पंखा थांबला तरी ताट्यांवरून टाकीत पाणी टपकत राहतं, ते थांबू द्यायचं. मग साउंड रोल. दोन टेक झाले की कूलर पुन्हा सुरू, नटांना टॉवेल. सीन संपल्यावर कोणीही न हलता तीस सेकंद खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. कट जोडताना तो आवाज खाली पसरला की सांधे कळत नाहीत.

त्याच खोलीत दुसरी गंमत दिसते. ट्यूबलाइट कॅमेऱ्यात लपलपते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम) आणि शटर १/५० ठेवा. बऱ्याच मोबाइलवर आधीपासून ३० एफपीएस असतं. तो आकडा बदलल्याशिवाय पहिला शॉट घेऊ नका.

झीरो माइल, दीक्षाभूमी, मेट्रो: कुठे परवानगी लागते?

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. वास्तूचा कॉपीराइट हा एक, आणि जागेत कॅमेरा घेऊन शिरायची मुभा हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सार्वजनिक जागी कायमची असलेली कलाकृती फिल्ममध्ये घेता येते, तसं कलम ५२ मध्ये लिहिलं आहे. झीरो माइलचे घोडे, चौकातला पुतळा, दीक्षाभूमीच्या स्तूपाचा घुमट, कॉपीराइटच्या दृष्टीने अडचण नाही. मागे ओझरतं दिसणारं पोस्टर किंवा चित्रही चालतं, फक्त ते तुमच्या शॉटचा विषय नको.

दुसऱ्याचं उत्तर जागेगणिक बदलतं. दीक्षाभूमीच्या आवारात स्मारक समितीला विचारा, आणि तिथे लोक कशासाठी येतात हे लक्षात ठेवूनच ट्रायपॉड उघडा. मेट्रोचं स्टेशन आणि गाडी महामेट्रोची, रेल्वेचा फलाट रेल्वेचा, दोन्हीकडे लेखी परवानगी आधी. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांची सही घेतलेलं पत्र सोबत असलं की गार्डचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. ड्रोनचं तर नावच काढू नका. विमानतळ शहराला लागून, शिवाय हवाई दलाचं ठाणं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या साइटवर नकाशा उघडा, लाल रंग कुठवर पसरलाय ते बघा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

मारबतीच्या मिरवणुकीत हजारो चेहरे येतात. सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या का?

नाही बापा. काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासून आणि पिवळीचा १८८५ पासून निघतो, सगळा गाव रस्त्यावर असतो, रस्त्यावरच्या सार्वजनिक गर्दीचा वाइड शॉट घ्यायला कोणाची सही लागत नाही. पण गर्दीतून एक चेहरा उचलून त्याला तुमच्या फिल्मचं पात्र केलंत, त्याची मुलाखत घेतलीत, तर संमतीपत्र घ्या. मूल असेल तर आईवडिलांचं. आणि तोच चेहरा पुढे जाहिरातीत वापरायचा असेल तर तसं स्पष्ट विचारून, वेगळं लिहून घ्या. बडग्याच्या, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्याच्या, घोषणा रेकॉर्ड करताना एक लक्षात ठेवा, त्यात दरवर्षी जिवंत माणसांची नावं असतात. बातमीत ते चालून जातं, तुमच्या काल्पनिक फिल्मच्या पार्श्वभूमीवर ते बदनामी ठरू शकतं.

कॅमेरा कॉलेजचा, स्क्रिप्ट माझी, एडिट मित्राचं. फिल्म कोणाची?

कायदा फिल्मचा कर्ता निर्मात्याला मानतो, आणि निर्माता म्हणजे फिल्म करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. कॅमेरा कोणाचा याने काही ठरत नाही. तुमच्या कॉलेजने प्रवेशाच्या वेळी वेगळ्या कागदावर सही घेतली असेल तर तो आधी वाचा. नसेल तर चौघांनी पहिल्याच दिवशी ठरवा: निर्माता कोण, महोत्सवाला पाठवायचं कोण ठरवणार, बक्षीस आलं तर वाटे कसे. आम्ही हे चहाच्या टपरीवर तोंडी ठरवलं होतं. फिल्मला काहीच बक्षीस मिळालं नाही म्हणून मैत्री टिकली.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा उभा राहतो. फिल्म निर्मात्याची झाली तरी स्क्रिप्ट त्याची आपोआप होत नाही.

दुकानाची जाहिरात केली, पैसे मिळाले. आता ती माझ्या शोरीलमध्ये टाकू ना?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, म्हणून सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षी इतवारीतल्या एका मिठाईच्या दुकानासाठी संत्रा बर्फीची ३० सेकंदांची जाहिरात केली. सहा हजार रुपये ठरले, फोनवर. कढईत संत्र्याचा गर आणि खवा एकत्र परततानाचा क्लोजअप मला इतका जमला होता की मी तो शोरीलच्या, म्हणजे काम दाखवायला केलेल्या निवडक तुकड्यांच्या व्हिडिओच्या, सुरुवातीलाच लावला. आठ दिवसांनी मालककाकांचा फोन: "बेटा, आमची जाहिरात तुह्या पेजवर कायले?" मी ताडकन म्हटलं, फिल्म मी बनवली, माझी आहे. रात्री कायदा उघडला आणि गप्प झाले. कलम १७: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा फिल्म केली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. काका बरोबर होते. दुसऱ्या दिवशी जाऊन परवानगी मागितली, त्यांनी लगेच दिली. राग फक्त न विचारल्याचा होता.

गोष्ट इथेच संपत नाही. पुढच्या दिवाळीला त्यांनी माझ्या जिंगलच्या चारही ओळी बर्फीच्या डब्यावर छापल्या. कलम १७ ची ती सोय फोटो, चित्र, फिल्म यांच्यापुरती आहे, शब्दांना ती लागू नाही. मी त्यांची नोकर नव्हते आणि शब्दांचे हक्क लिहून दिले नव्हते. या वेळी कायदा माझ्या बाजूला होता. मी कलम दाखवलं नाही, अर्धा किलो बर्फीवर मिटवलं. सर म्हणाले, "महागात विकलंस की स्वस्तात?" अजून ठरवता आलेलं नाही.

हक्क द्यायचेच असतील तर लेखी आणि सहीने, तोंडी हस्तांतराला किंमत नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून मी आता एकाच पानावर लिहिते: फिल्म दुकानाची, शोरीलमध्ये दाखवायची मुभा माझी, जिंगल किती वर्षं, कुठे कुठे, आणि कच्चं फुटेज कोणाकडे राहणार. शेवटचा मुद्दा विसरू नका. दोन वर्षांनी "ते कढईचं शूट दे ना" असा फोन येतो आणि हार्ड डिस्क फॉरमॅट झालेली असते.

एक ओळीची टॅगलाइन मात्र कॉपीराइटला फार छोटी पडते. ती सांभाळायची तर ट्रेडमार्कचा रस्ता.

"विदर्भात नंबर वन" लिहू का? मालक म्हणतात लिहाच.

आधी विचारा, कोणी मोजलं? आकड्याचा किंवा पहिल्या क्रमांकाचा दावा केला की पुरावा जवळ लागतो. जाहिरात क्षेत्राने स्वतःच १९८५ मध्ये स्थापन केलेली एएससीआय ही संस्था अशा तक्रारी ऐकते. तिच्या हातात सरकारी काठी नाही म्हणून कोणी निर्धास्त असेल तर त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दाखवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. साखर, सांधेदुखी, वजन "हमखास" घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आली तर सरळ नको म्हणा. त्यासाठी १९५४ पासूनचा वेगळा कायदा आहे, आणि बऱ्याच आजारांवर इलाजाची जाहिरात करणंच त्याने गुन्हा ठरवलंय.

नागपूरकरांसाठी खास: "नागपुरी संत्रा" हे नाव कोणालाही कशालाही लावता येत नाही. त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रसवाल्याचा माल दुसऱ्या राज्यातून येत असेल तर स्क्रिप्टमध्ये नुसतं "संत्रा" लिहा आणि मालकाला का ते सांगा.

आणि हो, मजकूर मोजून लिहा. ३० सेकंदांत मराठीचे साठ-पासष्ट शब्द बसतात, पत्ता आणि फोन नंबर धरून. मालक दोनशे शब्द देतात.

कॅफेने फुकट खाऊ घातलं, मी रील टाकली. ही जाहिरात झाली का?

झाली. पैसे, फुकट माल, सवलत, नातं, काहीही मिळालं असेल तर ते सांगायचं. एएससीआयची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत. पहिल्याच नजरेत दिसेल असं "जाहिरात" लिहा, तीस हॅशटॅगच्या शेपटीत लपवू नका.

लग्नाच्या शूटवर पॉकेटमनी चालतो. तिथे गाण्यांचं काय?

वरातीत आणि लग्नाशी संबंधित समारंभात गाणं वाजवणं कलम ५२ च्या अपवादात येतं. केंद्र सरकारनेही जुलै २०२३ मध्ये तसं स्पष्टीकरण काढलं होतं. पण हा अपवाद मांडवात गाणं वाजवण्याचा आहे. तुम्ही तेच गाणं हायलाइट्सवर बसवून पेजवर टाकलंत की तो तुमच्या धंद्याचा व्हिडिओ होतो. घरच्यांना दिलेल्या पेनड्राइव्हबद्दल कोणी विचारत नाही, पेजबद्दल विचारतात. आणि कलम १७ आठवतंय ना? पैसे घेऊन केलेली लग्नाची फिल्म करार नसेल तर यजमानांची. नवरीचा क्लोजअप तुमच्या जाहिरातीत लावण्याआधी नवरीला विचारा. कायदा बाजूला ठेवला तरी विचारा.

माझी कल्पना सिनिअरने चोरली. केस करू का?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. "शेतकऱ्याचा मुलगा डिलिव्हरी बॉय होतो" ही कल्पना तुमची एकट्याची नाही. त्याचे सीन, संवाद, क्रम तुम्ही लिहिले असतील तर ते तुमचे. म्हणून कँटीनमध्ये सांगण्याआधी लिहा आणि स्वतःलाच मेल करा. मेल हा हक्काचा दाखला नव्हे, पण तारखेचा पुरावा म्हणून कामाला येतो.

नोंदणी करावीच लागते का?

नाही. लिहिलं, चित्रित केलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी भांडणाच्या वेळी हाताशी येते. अर्ज ऑनलाइन, स्क्रिप्टला ५०० रुपये, फिल्मला ५,०००. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. विद्यार्थ्याने स्क्रिप्टची करावी, फिल्मची घाई करू नये, एवढंच माझं मत.

हे शिकायला दिल्ली-मुंबईला जावं लागतं असं वाटत असेल तर हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्याने एकदा चालत जा. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था तिथेच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. देशभरातल्या पेटंट-कॉपीराइटवाल्यांना प्रशिक्षण देणारी संस्था, आणि आपण तिच्या समोरून रोज तर्री पोहे खायला जातो.

एआयने एखाद्या गायकाचा आवाज काढून जिंगल केलं तर?

करू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना परवानगीशिवाय आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना रोखलं. त्याच न्यायालयाचं खंडपीठ आपल्या नागपुरात आहे, तेव्हा "तिकडचं तिकडे" म्हणायची सोय नाही.

पुस्तकाची झेरॉक्स मारली तर तीही चोरीच ना?

अभ्यासासाठी हवी तेवढी प्रकरणं काढायला घाबरू नका. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. अख्खं पुस्तक छापून विकणं निराळं.

ताई, तुझा तो संमतीचा फॉर्म पाठव ना.

घ्या. मराठीत आहे, मुद्दाम. आधी इंग्रजी नमुना उतरवून नेत होते, लोक वाचल्याशिवाय सही करत किंवा वाचता येत नाही म्हणून करतच नसत.

"मी, ......, राहणार ......, दिनांक ...... रोजी ...... येथील चित्रीकरणात स्वखुशीने भाग घेतला. माझा चेहरा आणि आवाज ...... या फिल्ममध्ये व तिच्या प्रसिद्धीसाठी वापरायला माझी हरकत नाही. यासाठी मला ...... रुपये मिळाले / मी पैसे घेतले नाहीत. कोणत्याही वस्तूच्या जाहिरातीसाठी वापरायचं असेल तर मला पुन्हा विचारावं."

खाली सही, फोन, आणि मूल असेल तर पालकाची सही. शेवटचं वाक्य मी घातलं ते बर्डीवरच्या एका चहावाल्यामुळे. त्याने गिऱ्हाईक थांबवून कागद पूर्ण वाचला, म्हणाला, "उद्या मले कोन्या गुटख्याच्या पाटीवर त नाही ना लावान?" वाक्य तिथेच पेनने लिहिलं, मग त्याने सही केली आणि हात पुढे केला: "एक कापी मले बी द्या." माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून दोन प्रती नेते.